शाळेचा दर्जा कोणी ठरवायचा? मॅसॅच्युसेट्समधील एका शहराचे प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९३ साली शिक्षण सुधारणा कायदा केला. त्यामागे एक करार होता: राज्य सरकारने गरीब शहरांतील सार्वजनिक शाळांना अधिक निधी द्यायचा आणि त्या बदल्यात प्रत्येक शाळेने समान अभ्यासक्रमाच्या चौकटीत आपली मुले किती शिकली हे दाखवायचे. हे दाखवण्याचे साधन म्हणून ‘एमकॅस’ ही राज्यस्तरीय परीक्षा १९९८ पासून सुरू झाली. २००३ साली शाळा पूर्ण करणाऱ्या तुकडीपासून तर ती उत्तीर्ण झाल्याशिवाय शालान्त पदविका मिळेनाशी झाली. जानेवारी २००२ मध्ये संघराज्याच्या पातळीवर ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ हा कायदा आला. त्याने तिसरी ते आठवीच्या प्रत्येक वर्षी वाचन आणि गणिताची चाचणी सक्तीची केली आणि २०१४ पर्यंत देशातील सर्व मुले या विषयांत प्रवीण झाली पाहिजेत असे उद्दिष्ट ठेवले.

हे उद्दिष्ट गाठले जाणार नाही हे मुदतीच्या बरेच आधी स्पष्ट झाले होते. २०१२ साली राज्याने केंद्रीय कायद्यातून सवलत घेतली आणि शाळांचे मूल्यमापन पाच स्तरांच्या वर्गवारीवर आणले. पहिला स्तर म्हणजे उत्तम, पाचवा म्हणजे शाळेचा कारभार राज्याच्या हाती. ज्या शहरात हे प्रकरण घडले ते बॉस्टन महानगर परिसरातील दाट वस्तीचे शहर आहे. शहराचे आणि त्यातील व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही. तेथील शाळांत अनेक मुलांच्या घरी स्पॅनिश, पोर्तुगीज किंवा हैतीची क्रेओल भाषा बोलली जाते आणि अनेक कुटुंबे तुटपुंज्या उत्पन्नावर जगतात. त्याच वेळी घरभाडी वाढत चालली होती आणि उच्चशिक्षित तरुण कुटुंबे शहरात येत होती. शाळेत प्रवेश घेण्याआधी ही कुटुंबे शाळेचा स्तर आणि गुण पाहत असत.

अडचण नेमकी कोठे होती

राज्याच्या वर्गवारीतील दोन नियम समजून घेतल्याशिवाय शहराची अडचण कळत नाही. समान इयत्तांच्या शाळांमध्ये जी शाळा तळाच्या २० टक्क्यांत येई, ती आपोआप तिसऱ्या स्तरात जाई. याचा अर्थ असा की राज्यातील प्रत्येक शाळा सुधारली, तरी कोणाला तरी तळाशी राहणे भागच होते. दुसरा नियम असा की संपूर्ण शालेय जिल्ह्याचा (म्हणजे एखाद्या शहराच्या सगळ्या सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या घटकाचा) स्तर साधारणपणे त्यातील सर्वांत कमी स्तराच्या शाळेवरून ठरत असे. त्यामुळे एका शाळेत नुकतीच देशात आलेली, इंग्रजी शिकू लागलेली मुले मोठ्या संख्येने असली, तरी त्या एका शाळेच्या निकालावरून सगळ्या शहराच्या शाळांवर शिक्का बसू शकत असे. याच काळात राष्ट्रीय पातळीवरील चाचण्यांत मॅसॅच्युसेट्स सातत्याने वरच्या स्थानी होते. म्हणजे देशात अग्रेसर असलेल्या राज्यातील शाळाही केवळ शेजाऱ्यांच्या तुलनेत ‘मागास’ ठरत होत्या.

राज्याने केवळ उत्तीर्णांचे प्रमाण मोजले असे म्हणणे अन्यायाचे होईल. वर्षभरात मुलाने किती प्रगती केली याचे मापही गणनेत घेतले जात होते आणि ते नक्कीच अधिक न्याय्य होते. तरीही दोन्ही मापे शेवटी त्याच परीक्षेतून येत होती. घरची आर्थिक आणि शैक्षणिक स्थिती आणि मुलांचे गुण यांचा किती घट्ट संबंध असतो, हे अमेरिकेत शैक्षणिक विषमतेवरील १९६६ च्या सरकारी कोलमन अहवालापासून सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे गुणांवरून शाळा ओळखायला गेले, तर बऱ्याच अंशी शाळेत येणाऱ्या कुटुंबांचीच ओळख होते.

शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण सगळा भात एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजला असेल तरच. येथे मोजक्या विषयांच्या परीक्षेवरून शाळेच्या समग्र कामाबद्दल निष्कर्ष काढले जात होते. शाळेत मूल सुरक्षित आहे का, शिक्षक टिकतात का, नव्याने आलेल्या मुलाला वर्गात आपलेपणा वाटतो का, चित्रकला, संगीत आणि विज्ञानाचे प्रयोग यांना वेळ मिळतो का, यांपैकी कशाचेही उत्तर त्या स्तरात नव्हते. शिवाय एकाच आकड्यावर मोठे परिणाम अवलंबून ठेवले की तो आकडाच बिघडू लागतो, हे सामाजिक मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात मांडले होते. त्याचे टोकाचे रूप अटलांटा येथे दिसले. तेथील २००९ च्या चाचण्यांविषयी २०११ साली आलेल्या चौकशी अहवालात ४४ शाळा आणि १७८ शिक्षक व अधिकारी यांचा उत्तरपत्रिकांतील फेरफारांशी संबंध असल्याचे नमूद होते. या प्रकरणातील शहराचा त्या प्रकाराशी काही संबंध नाही. पण गुण वाढवण्याचा दबाव कोणत्या थरापर्यंत जाऊ शकतो, हे त्या काळात देशातील प्रत्येक शिक्षण प्रशासकाच्या डोळ्यांसमोर होते.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय म्हणजे व्यवस्था आहे तशी मान्य करून गुण वाढवण्यावर सगळी शक्ती लावणे. तो सर्वांत सोपा होता, कारण त्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नव्हती आणि यश मिळाल्यास शिक्काही पुसला गेला असता. पण त्याचा भार नेमका त्या शाळांवर पडला असता, ज्यांच्याकडे वाचन-गणिताबाहेरचे उपक्रम आधीच कमी होते.

दुसरा पर्याय परीक्षेवर बहिष्काराचा होता. देशाच्या काही भागांत पालक आपल्या मुलांना चाचणीपासून दूर ठेवत होते. परंतु केंद्रीय नियमांनुसार किमान ९५ टक्के विद्यार्थ्यांनी चाचणी देणे अपेक्षित होते आणि त्याचा फटका शाळेच्याच वर्गवारीला बसला असता. माझ्या मते या पर्यायाचा खरा दोष वेगळा होता. बहिष्कारामुळे जुने माप नाकारले जाते, पण शाळा कशी चालली आहे हे जाणून घेण्याचा पालकांचा हक्क तसाच अपुरा राहतो. आपले मूल मागे पडते आहे हे ज्या पालकांना केवळ त्या परीक्षेतूनच कळत होते, त्यांच्या हातात काहीच उरले नसते.

तिसरा पर्याय राज्याकडून औपचारिक बदल करून घेण्याचा. न्यू हॅम्पशायर राज्याने २०१५ मध्ये केंद्राकडून विशेष मुभा मिळवून काही इयत्तांत प्रमाणित चाचणीऐवजी शिक्षकांनी तयार केलेल्या कृतीआधारित मूल्यमापनाचा वापर सुरू केला होता. हा मार्ग आकर्षक होता, पण त्यासाठी संपूर्ण राज्याची तयारी हवी होती. एका शहराच्या हाती ते नव्हते.

चौथा पर्याय निवडला गेला: राज्याची परीक्षा कायद्यानुसार चालू ठेवायची आणि तिच्या शेजारी शाळेच्या दर्जाचे स्वतःचे, अधिक व्यापक चित्र उभे करायचे. त्यासाठी स्थानिक विद्यापीठांतील संशोधकांची साथ घेण्यात आली. या निवडीची किंमतही होती. समांतर चित्र कितीही अचूक असले, तरी राज्याचा शिक्का कायम राहणार होता. ही मर्यादा स्वीकारूनच काम सुरू झाले आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक निर्णयावर तिची छाया पडली.

लोकांना विचारले कसे

लोकसहभाग म्हटला की एक सभा बोलवायची, सूचना मागवायच्या आणि अहवालाच्या शेवटी त्यांची यादी जोडायची, असा प्रकार पुष्कळदा होतो. येथे पहिला महत्त्वाचा निर्णय असा होता की लोकांपुढे कोरा कागद ठेवायचा नाही. शाळेकडून लोक काय अपेक्षितात यावर देशभर झालेल्या सर्वेक्षणांचा आणि शैक्षणिक संशोधनाचा आधार घेऊन आधी एक कच्चा आराखडा तयार करण्यात आला. मग तो पालक, शिक्षक, मुख्याध्यापक आणि समाजगटांच्या छोट्या चर्चांत नेण्यात आला आणि त्यांच्या प्रतिसादानुसार पुन्हा पुन्हा बदलण्यात आला. इंग्रजी सफाईने न बोलणाऱ्या पालकांशीही या चर्चा झाल्या.

कोऱ्या कागदाला नकार देण्यावर आक्षेप घेता येतो. आराखडा आधीच असला की त्याच्या चौकटीबाहेर विचार करणे लोकांना कठीण जाते आणि तज्ज्ञांचाच शब्द शेवटी टिकतो. हा धोका खरा आहे. पण कोऱ्या कागदासमोर नेहमी तेच बोलतात ज्यांना सभेत बोलण्याची सवय असते. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या आईसमोर ठोस मुद्दा असेल, तर ती ‘हे बरोबर आहे, हे राहिले आहे, याला इतके महत्त्व नको’ असे सांगू शकते. मला हा निर्णय योग्य वाटतो. मात्र त्यासाठी आराखडा प्रत्यक्ष बदलतो आहे हे लोकांना दिसायला हवे.

या प्रक्रियेतून पाच विभागांची चौकट निघाली. शिक्षक आणि नेतृत्व, शाळेची संस्कृती आणि संसाधने हे तीन विभाग शाळा मुलांना काय देते ते सांगतात. विषयज्ञानातील प्रगती आणि समाजजीवन व मानसिक स्वास्थ्य हे दोन विभाग मुले काय घेऊन बाहेर पडतात ते सांगतात. परीक्षेचे गुण काढून टाकण्यात आले नाहीत. विषयज्ञानाच्या विभागात, मुख्यतः प्रगतीच्या मापाच्या रूपात, त्यांना जागा मिळाली. परीक्षेवर नाराज असलेल्यांच्या चळवळीत हा निर्णय लोकप्रिय असणे शक्य नव्हते, पण त्यामुळे या कामाला वाईट निकाल झाकण्याचा प्रयत्न म्हणण्याची सोय राहिली नाही.

मापनाची रचना

चौकट ठरली तरी ‘शाळेची संस्कृती’ मोजायची कशी, हा प्रश्न उरतोच. काही गोष्टी प्रशासनाच्या नोंदींत असतात: शिक्षकांचा अनुभव आणि त्यांचे शाळा सोडून जाण्याचे प्रमाण, वर्गातील विद्यार्थीसंख्या, गैरहजेरी, समुपदेशकांची उपलब्धता. उरलेल्या गोष्टी त्यांनाच विचाराव्या लागतात, जे रोज शाळेत असतात. म्हणून चौथीपासून पुढच्या विद्यार्थ्यांची आणि सर्व शिक्षकांची प्रश्नावली हा मापनाचा कणा ठरला. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला आपल्या शाळेविषयी गंभीरपणे प्रश्न विचारणे आणि त्याचे उत्तर शाळेच्या दर्जाचा पुरावा मानणे, ही मला या प्रकरणातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. उत्तरदायित्वाच्या बहुतेक व्यवस्थांत मूल हे मोजण्याची वस्तू असते. येथे ते साक्षीदार होते.

त्यानंतरचा निर्णय सर्वांत वादाचा होता. पाच विभागांचे मिळून एकच गुण किंवा श्रेणी द्यायची की नाही? एका अक्षराची श्रेणी चटकन कळते, वर्तमानपत्रात छापता येते आणि घाईतल्या पालकाला उपयोगी पडते. पण एक आकडा काढायचा म्हणजे प्रत्येक विभागाला भार द्यावा लागतो, आणि सुरक्षितता महत्त्वाची की गणित, हे कोणत्याही सूत्राने ठरत नाही. ज्या पालकाचे मूल आधीच्या शाळेत छळ सोसून आले आहे आणि ज्याचे मूल वर्गात कंटाळते आहे, त्यांचे भार वेगळेच असणार. अखेर एकत्रित श्रेणी नाकारली गेली. शाळांना एकमेकींच्या क्रमवारीतही लावायचे नाही असे ठरले. प्रत्येक मापासाठी आधी ठरवलेल्या मर्यादांवरून पाच पट्टे आखण्यात आले: इशारा, लक्ष देण्याजोगे, वाढीच्या मार्गावर, समाधानकारक आणि आदर्श. या रचनेत सर्व शाळा एकाच वेळी वरच्या पट्ट्यात जाऊ शकतात आणि सर्वोत्तम मानली गेलेली शाळाही एखाद्या बाबतीत इशाऱ्याच्या पट्ट्यात दिसू शकते.

एका शहरापुढे

२०१६ मध्ये राज्य विधिमंडळाच्या आर्थिक साहाय्याने हे काम अनेक शालेय जिल्ह्यांच्या एका संघापर्यंत पोहोचले. सहा जिल्ह्यांनी सुरुवात केली. संघाच्या नियामक मंडळात प्रत्येक जिल्ह्याचे शिक्षण अधीक्षक आणि तेथील शिक्षक संघटनेचे अध्यक्ष असे दोघेही बसतात. मूल्यमापनाच्या सुधारणा बहुतेक वेळा व्यवस्थापनाकडून येतात आणि संघटनेला त्या निर्णय झाल्यावर कळतात. येथे दोघांना सुरुवातीपासून समान स्थान असल्याने शिक्षकांच्या प्रश्नावलीवर शिक्षकांचाच विश्वास बसण्याची शक्यता निर्माण झाली. प्रामाणिक उत्तर दिल्यास त्याचा वापर आपल्याविरुद्ध होईल अशी भीती असती, तर प्रश्नावलीचे उत्तर निरर्थक ठरले असते.

याच संघाने कामाची दुसरी बाजूही हाती घेतली. विद्यार्थ्याचे शिकणे मोजण्यासाठी शिक्षकांनी स्वतः कृतीआधारित कार्ये तयार करायची: प्रयोगाची आखणी करून निष्कर्षाचा बचाव करणे, आपल्या परिसरातील प्रश्नावर पुरावे गोळा करून मांडणी करणे, गणिताचे प्रतिरूप (मॉडेल) उभे करणे. त्यांच्या गुणांकनासाठी रुब्रिक, म्हणजे कशाला किती गुण द्यायचे याचा तक्ता, ठरवायचे आणि एकाच उत्तराला वेगवेगळ्या शिक्षकांनी दिलेले गुण पडताळून पाहायचे. हा भाग कमी चर्चेत आला, पण शिक्षकांचा सर्वाधिक वेळ यातच जातो. एका चांगल्या कार्याची निर्मिती, चाचपणी आणि सुधारणा यांना बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेपेक्षा कितीतरी अधिक श्रम लागतात, आणि तो वेळ वेळापत्रकात आधीपासून राखून ठेवला नाही तर तो शिक्षकांच्या संध्याकाळींतून जातो.

काय निष्पन्न झाले

नवे चित्र खरोखर वेगळे दिसते का, हे संशोधकांनी प्रयोगाने तपासले. शहरातील रहिवाशांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट करण्यात आले. एका गटाला राज्याची माहिती दाखवली, दुसऱ्याला नवी व्यापक माहिती. स्वतःला परिचित नसलेल्या शाळांबद्दल विचारल्यावर नवी माहिती पाहिलेल्या गटाने त्या शाळांना अधिक चांगले मत दिले. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे, कारण शाळेची बदनामी नेमकी अशाच लोकांकडून पसरते, ज्यांनी ती कधी पाहिलेली नसते. तरीही त्याचा अर्थ जपून लावायला हवा. मत सुधारणे आणि शाळा सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रयोगाने पहिलीच दाखवली.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राचा नवा कायदा आला. त्याने वार्षिक चाचण्या कायम ठेवल्या, पण राज्यांना शाळेच्या दर्जाचा किमान एक वेगळा निकष घ्यायला सांगितले. २०१८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने जुने पाच स्तर बंद केले आणि दीर्घकालीन गैरहजेरी व प्रगत अभ्यासक्रमांतील सहभाग यांचा समावेश केला. तुलनात्मक क्रम मात्र शतमकाच्या, म्हणजे इतर किती टक्के शाळा मागे आहेत या आकड्याच्या, रूपाने राहिलाच. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यातील मतदारांनी सुमारे ५९ टक्के मतांनी एमकॅस उत्तीर्ण होण्याची पदविकेसाठीची अट रद्द केली. परीक्षा चालू आहे, पण पदविका आता जिल्ह्याने प्रमाणित केलेल्या अभ्यासक्रमावर मिळते. या बदलांचे श्रेय एका शहराला देता येणार नाही. शिक्षक संघटनांची मोहीम आणि दोन दशकांची नाराजी त्यामागे होती. मात्र परीक्षेशिवाय शाळेविषयी काहीच सांगता येत नाही, या युक्तिवादाला उत्तर म्हणून दाखवता येईल असे काही तोपर्यंत तयार झालेले होते.

वेगळे काय करता आले असते

या प्रकरणातील सर्वांत मोठी उणीव मला परिणामांच्या बाजूला दिसते. काय मोजायचे हे समाजाने ठरवले. पण एखाद्या शाळेत ‘विद्यार्थ्यांचा आपलेपणा’ सलग इशाऱ्याच्या पट्ट्यात दिसला, तर पुढे कोणी काय करायचे, हे तेवढ्याच काळजीने ठरले नाही. जुन्या व्यवस्थेत शिक्षा होती आणि ती अन्यायकारक होती. नवीन व्यवस्थेने शिक्षा जाणीवपूर्वक टाळली, आणि आकड्यावरचा दबाव टाळण्यासाठी ते योग्यच होते. परंतु शिक्षा आणि दुर्लक्ष यांच्यामध्ये बरीच जागा असते. प्रत्येक शाळेने वर्षातून एकदा पालक आणि विद्यार्थ्यांसमोर तळाच्या दोन पट्ट्यांतील मापांचा खुलासा करावा, त्यावर ठराविक मुदतीत योजना मांडावी, आणि संसाधनांची कमतरता असेल तर निवडून आलेल्या शालेय समितीने निधीबाबत लेखी उत्तर द्यावे, असा नियम सुरुवातीलाच करता आला असता. संसाधने हा विभाग चौकटीत आहे, याचा तर्कशुद्ध अर्थच असा होतो की उत्तर देण्याची जबाबदारी केवळ मुख्याध्यापकांची नाही, निधी देणाऱ्यांचीही आहे.

दुसरा मुद्दा प्रश्नावलींचा. ज्या शाळेत अपेक्षा उंच असतात, तेथील विद्यार्थी स्वतःच्या चिकाटीला अनेकदा कमी गुण देतात, कारण त्यांची तुलना आजूबाजूच्या मेहनती मुलांशी होते. त्यामुळे केवळ उत्तरांवरून दोन शाळांची तुलना फसवी ठरू शकते. वर्गभेटी किंवा बाहेरच्या शिक्षकांच्या निरीक्षणाची जोड नियमितपणे दिली असती, तर या मापांवर अधिक भक्कम विसंबता आले असते. अर्थात त्याला माणसे आणि पैसा लागतो, आणि संघाचा पैसा राज्याच्या वार्षिक तरतुदीवर अवलंबून असल्याने अनेक वर्षांची बांधिलकी करणे अवघड होते. हे काम सुरू करू पाहणाऱ्यांनी किमान काही वर्षांच्या निधीची हमी आधी मिळवावी, कारण एकाच वर्षाच्या माहितीवरून शाळेची दिशा कळत नाही.

तिसरे, एकत्रित श्रेणी नाकारल्यामुळे एक पोकळी राहिली आणि ती दुसऱ्यांनी भरली. घरे विकणारी संकेतस्थळे परीक्षेच्या गुणांवर आधारलेला एकच आकडा दाखवत राहिली आणि नव्याने येणारी कुटुंबे तोच पाहत राहिली. श्रेणी नाकारण्याचा निर्णय मला बदलावासा वाटत नाही. पण पालकाला स्वतःला महत्त्वाच्या वाटणाऱ्या दोन-तीन बाबी निवडून शाळा पाहता याव्यात, आणि ही माहिती प्रवेशाच्या वेळी, त्याच्या भाषेत, समोर बसून समजावून सांगितली जावी, यावर मापनाइतकाच खर्च व्हायला हवा होता. गोळा झालेली माहिती जोपर्यंत संगणकावरील तक्त्यात राहते, तोपर्यंत ती ज्यांच्याकडे वेळ आणि इंग्रजी आहे त्यांच्याच उपयोगी पडते, आणि या शहरात सर्वाधिक गरज नेमकी इतरांना होती.

शेवटचा मुद्दा २०२४ नंतरचा आहे. पदविकेची अट गेल्यामुळे स्थानिक मूल्यमापनाला आता पूर्वी नसलेले वजन येऊ शकते. शिक्षकांनी तयार केलेली कार्ये शिकण्यासाठी वापरली जातात तेव्हा दोन शिक्षकांच्या गुणांतील फरक चर्चेचा विषय असतो. तीच कार्ये पदविकेसाठी वापरली, तर तोच फरक एखाद्या मुलीच्या पुढच्या शिक्षणाचा प्रश्न होतो. शाळाशाळांमधील गुणांकनाची परस्पर पडताळणी, नमुना उत्तरांचा संग्रह आणि निकालाविरुद्ध दाद मागण्याची सोपी सोय, या तिन्ही गोष्टी त्याआधी उभ्या राहायला हव्यात. त्यांचे नियम ठरवताना पालक, शिक्षक आणि विद्यार्थी यांना पुन्हा त्याच छोट्या गटांत, कच्चा आराखडा समोर ठेवून, बोलावता येईल. ती पद्धत या शहराला येते.